जागेची अडचण

पोट भरलेलं नसताना "झालं माझं" म्हणणं आमच्या घरात खोटं धरलं जाई. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि मंडळीच्या तीन पंचांपैकी एक. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं; घाटंजीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेल्या त्या आवारात पंधरा-सोळा घरं होती, मधोमध कौलारू चर्च, आणि सगळ्यांना एकमेकांच्या घरी आज काय शिजतंय ते वासावरून कळे. जेवायला बसलं की बाबा विचारत, "आणखी भाकर हवी का?" हवी असेल तर हो म्हणायचं, नको असेल तर नाही. संकोचाने नाही म्हटलेलं त्यांना चेहऱ्यावरून कळायचं, आणि मग ते भाकर वाढत नसत. "तू नाही म्हणालीस," एवढंच म्हणत. त्या भुकेल्या रात्रींनी मला जे शिकवलं ते पुढे कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही, असं मी बरीच वर्षं समजत होते.

दारात कोणी आलं आणि बाबांना भेटायचं नसेल, तर आईला "घरी नाहीत" म्हणायची सोय नव्हती. ती पदर सावरून बाहेर जायची आणि म्हणायची, "आहेत घरात, पण भेटत नाहीत आज." माणूस गेला की आत येऊन आदळआपट. "लोकायच्या बायका कशा सुखानं खोटं बोलून राह्यल्या! मलेच ही शिक्षा." शेजारच्या शेवंताबाईंनी एकदा पाटोडीच्या भाजीची वाटी आणली आणि उभ्या उभ्या विचारलं, "कशी झाली, मास्तर?" बाबांनी शांतपणे खाऊन सांगितलं, "मीठ जास्त आहे आणि बेसन कच्चं राहिलंय." शेवंताबाईंचं तोंड एवढंसं झालं. त्या गेल्यावर आई म्हणाली, "बाप्पा! थे बाई गरम वाटी पदरात धरून आली, अन् तुम्ही?"

"तिने विचारलं."

"इचारलं म्हणजे सांगाच लागते काय?"

"मग विचारायला आणखी कुठे जाईल ती?"

आणि खरंच, शेवंताबाई परत आल्या. दर पंधरा दिवसांनी यायच्या, हात कमरेवर ठेवून बाबांच्या तोंडाकडे बघत राहायच्या, आणि ज्या दिवशी बाबा "चांगली झाली" म्हणाले त्या दिवशी त्यांनी आवारभर सांगितलं. बाबांचं "चांगली" ही त्या आवारातली एकमेव न फुगवलेली गोष्ट होती. लग्नाच्या मुलीचं स्थळ असो, पोराचा अभ्यास असो, लोक म्हणत, खरं ऐकायचं असेल तर मास्तरकडे जा, गोड ऐकायचं असेल तर दानिएलकडे. दानिएलकाका हे दुसरे पंच. सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, आणि रोग्याला कडू औषध पाजताना लागतो तो आवाज त्यांनी चोवीस तास अंगात ठेवला होता. तिसरे पंच फार म्हातारे, त्यांना ऐकू कमी यायचं. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यवतमाळहून येत. एरवी मंडळी हे तिघे चालवत.

त्या मंडळीत एक शब्द उच्चारायला बंदी होती. जात. ख्रिस्तात सगळे एक, म्हणून तो शब्द उपासनेत नको, सभेत नको, घरातही नको, असं पंचांनी एकमताने ठरवून लिहून ठेवलं होतं. मी आठ-नऊ वर्षांची असताना माझ्या मैत्रिणीविषयी जेवताना विचारलं होतं, "रूथची जात कोणती?" तर आईने भाजीच्या हाताने माझं तोंड दाबलं. आंबाडीची आंबट चव आणि तो प्रश्न अजून माझ्या जिभेवर एकत्रच येतात. बंदीला मी हसत नाही. माझे आजोबा ज्या वस्तीतून उठून बाप्तिस्म्याला आले, त्या वस्तीचं नाव घेऊन आम्हाला शुक्रवारच्या बाजारात हाका मारल्या जात, आणि पाचवीत एका बाईंनी वर्गाला दरडावून ते नाव बंद केलं तेव्हा मला वाटलं होतं, कोणी तरी माझ्या डोक्यावर छत्री धरली. शब्द आवरले की माणूस वाचतो, हे मी अंगावर अनुभवलेलं आहे. फक्त आमच्या आवारात शब्द गेला आणि गोष्ट राहिली. तिला दुसरं नाव मिळालं. आमच्यासारखी घरं "जुनी मंडळी" आणि झरी जामणीकडच्या कोलाम पोडावरून आलेली चार घरं "नवी मंडळी." पोड म्हणजे जंगलातली कोलामांची वस्ती. रूथ माझ्याच हिवाळ्यात, त्याच आवारात जन्मली, त्याच चर्चमध्ये तिच्या कपाळावर पाणी पडलं. मी जुनी होते, ती नवी होती. सोळाव्या वर्षीही नवीच होती.

रूथचं घर आवाराच्या टोकाला. तिचे वडील योहानकाका बांबूच्या टोपल्या आणि ताट्या करत. बांबू चिरतानाचा तो कोरडा, लांबत जाणारा आवाज सकाळी आमच्या घरापर्यंत यायचा, आणि मी त्या आवाजावर अभ्यासाला बसायचे. तिची आई घरात कोलामीत बोलायची, चर्चमध्ये अजिबात बोलायची नाही. रूथ मात्र दोघींच्या वाटचं बोलायची. बाबांना खोटं बोलायला लावायचं हा तिचा आवडता खेळ होता. आमच्या ओट्यावर बसून शेंगा सोलता सोलता म्हणायची, "मास्तर, माझं गाणं कसं हाय?"

"सूर बरा आहे. शब्द खातेस."

"शब्द खाऊनच तं पोट भरते माझं, मास्तर. तुमच्याकडं भाकर वाढत नाही म्हणते बेबी."

बेबी मी. बाबांच्या मिशीखाली हसू हललेलं मी त्या वेळी पाहिलं. मग ती एकदम गंभीर होऊन म्हणाली, "खरं सांगजा. मी काळी आहो का?"

"हो."

"अन् दिसाले बेकार?"

"नाही."

ते "नाही" तिने आठवडाभर मिरवलं. "मास्तरचं नाही म्हणजे छापील नाही, बेबी. त्यात खाडाखोड नसते."

आमच्या दफनभूमीविषयी सांगायला हवं. गावाबाहेर, उतारावर. वरच्या अंगाला कडुनिंबाची झाडं, त्यांच्या सावलीत दगडी क्रूस, नावं कोरलेली, आजोबांचा क्रूसही तिथेच. उतार संपतो तिथे नाला. नाल्याकडच्या बाजूला लाकडी क्रूस, तेही एक-दोन पावसाळे टिकणारे. वरती कोणी पुरायचं आणि खालती कोणी, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ईस्टरच्या आधी आम्ही मुली तिथे झाडायला जायचो तेव्हा मी वरती झाडायचे आणि रूथ आपोआप खाली उतरायची. तिथे तिचा धाकटा भाऊ होता, सहा महिन्यांचा होऊन गेलेला. एका वर्षी नाल्याने काठ तोडला आणि ती लहानशी कबर पाण्याने नेली. रूथची आई तीन दिवस नाल्याच्या कडेकडेने खाली चालत गेली होती. काय शोधत होती ते कोणी विचारलं नाही. त्या रविवारी उपासनेत बाबांनी तिच्यासाठी प्रार्थना केली, आणि कबर वाहून गेली असं न म्हणता "प्रभूने त्याला दुसऱ्यांदा नेलं" असं म्हणणाऱ्या दानिएलकाकांकडे त्यांनी मान वर करून पाहिलं, हे मला आठवतं.

रूथला श्रावणात कावीळ झाली. डोळे हळदीसारखे झाले तरी ती हसून म्हणायची, "आता तरी गोरी दिसून राह्यली का मी?" गळ्यात कोणी तरी दिलेली जडीबुटीची माळ बांधली, ती नाभीपर्यंत लांबली की रोग उतरतो म्हणत. मग यवतमाळला नेलं, मग परत आणलं. एका सकाळी बांबू चिरण्याचा आवाज आला नाही आणि मी पुस्तक मिटलं.

योहानकाका आमच्या ओट्यावर आले ते उभेच राहिले. बाबांनी बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, एकच मागणं हाय. नाल्याकडं नको. पोट्ट्याले पाणी घेऊन गेलं. ही पण गेली तं तिची माय नाही वाचत. वरतं, निंबाखाली द्या. कोपऱ्यात द्या, चालन." बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मी बोलतो पंचांशी," ते म्हणाले. बाबांनी बोलतो म्हटलं की ते बोलत.

पंच आमच्याच घरी बसले, कारण वेळ नव्हता. संध्याकाळच्या आत माती द्यायची होती. मी आत चहा देऊन बाहेर आले आणि दाराच्या आड थांबले. दानिएलकाका खालच्या आवाजात बोलत होते. "मास्तर, आज एकाला वरती दिली तं उद्या चारही घरं मागतील. मग आपल्या लोकायनं कुठं जावं? माझी आई हाय तिथं, तुमचे वडील हाय. लोकं नाही ऐकणार. मंडळी फुटन."

"पण जागा आहे," बाबा म्हणाले. "झाडांच्या मागे दहा-बारा कबरींची जागा सहज आहे."

"हाय ना. मी कुठं नाही म्हणून राह्यलो? पण त्याले काय सांगावं? खरं सांगू? पोरगी घरात पडून हाय, तिची माय डोकं आपटून राह्यली, अन् मी जाऊन त्याले जात सांगू? हे प्रेम हाय का, मास्तर? तुम्हीच सांगा. तो शब्द आपण टाकला, तुमच्याच हातानं लिहून टाकला. आता आजच्या दिवशी काढाचा?"

बाबांनी चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. दानिएलकाका म्हणाले, "जागेची अडचण आहे म्हणावं. प्रेमानं म्हणावं. मन नाही दुखत त्याच्यानं. अन् तुम्ही म्हणावं. मी म्हटलं तं तो ऐकणार नाही. तुमचं ऐकन." तिसरे पंच हात कानामागे धरून म्हणाले, "काय ठरलं?" आणि दानिएलकाकांनी त्यांच्या कानात मोठ्याने सांगितलं, "जागेची अडचण हाय!" म्हाताऱ्याने मान हलवली. "हो, हो. अडचण तं हायच."

आज मी त्या खोलीकडे पुन्हा पुन्हा जाते. बाबांना दोनच रस्ते दिसले होते. एक, खरं सांगून त्या माणसाला त्याच्या मुलीच्या प्रेताशेजारी त्याची जात ऐकवायची. दुसरा, मऊ बोलून त्याचं मन सांभाळायचं. सत्य की प्रेम, असा तराजू दानिएलकाकांनी मांडला आणि माझे बाबा, ज्यांनी या दोन्हींवर पन्नास रविवार तरी उपदेश केला असेल, त्या तराजूपुढे हताश बसून राहिले. तिसरी गोष्ट होती. जागा द्यायची. ती दिली असती तर कोणतेही शब्द शोधावे लागले नसते, खरेही नाहीत आणि गोडही नाहीत. त्या खोलीत ती कोणी बोललं नाही. दाराआड उभी असलेली मीही नाही.

रूथच्या अंगणात सगळे जमले होते. जुनी मंडळी एका बाजूला, नवी एका बाजूला, नेहमीसारखी. दानिएलकाकांनी प्रभूच्या सांत्वनाविषयी काही सुरू केलं, तेव्हा योहानकाकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि बाबांकडे वळले.

"मास्तर, तुम्ही सांगा. जागा हाय का नाही?"

मी बाबांच्या डाव्या बाजूला उभी होते. त्यांचा हात माझ्या हाताला लागत होता. बाबांनी योहानकाकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही, त्यांच्या सदऱ्याच्या गुंडीकडे पाहिलं. "जागेची अडचण आहे, योहान," ते म्हणाले. आवाज मऊ होता. तो आवाज मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

योहानकाका म्हणाले, "बरं, मास्तर. तुम्ही म्हणता तं असन." त्यांनी कुदळ उचलली आणि पोडावरच्या दोघा माणसांबरोबर निघाले, नाल्याकडे. आतून रूथच्या आईचा आवाज आला, कोलामीत, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मी ते वाक्य कधी कोणाला विचारलं नाही. माझ्या मनात त्याचा अर्थ आहे, तो खरा असेल तर मला तो नको आहे.

त्यानंतर बाबांचं काहीतरी संपलं. रागावले नाहीत, आजारी पडले नाहीत. शेवंताबाई पंधरा दिवसांनी वाटी घेऊन आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बाबांनी एक घास खाल्ला. "छान झालीय," ते म्हणाले. बाई गेल्यावर आईने बोट बुडवून चव पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. भाजीत मीठच नव्हतं. पुढच्या खेपेलाही छान, त्यापुढच्या खेपेलाही. मग शेवंताबाईंनी यायचं सोडलं. जेवताना आम्ही नको म्हटलं तरी बाबा आता भाकर वाढायचे. आईला हे सगळं सोपं जायला हवं होतं. ती एकदा चुलीपुढे म्हणाली, "घर कसं परक्यासारखं झालं वं," आणि फुंकणी घालून विस्तवाकडे वाकली.

भाद्रपदात नाला चढला. काठ तुटल्याचं शाळेत कळलं. मी तिकडे गेले नाही. मी अंकगणिताची वही काढली आणि गणितं सोडवत राहिले, आणि सगळी बरोबर आली.

पुढे मी ग्रंथपाल झाले, पुस्तकांत राहिले, लग्न केलं नाही. भाषा बरी म्हणून मंडळीत कोणी गेलं की दफनविधीला वाचायचा जीवनवृत्तांत मलाच लिहायला सांगतात. दारूने गेलेल्याला मी "अल्पशा आजाराने" लिहिलं आहे, आणि सुनांना छळलेल्या बाईला "शिस्तप्रिय." मंडळीचा आता फोनवर गट आहे, कोणाच्या भावना दुखावतील असं काही लिहू नये, हा त्याचा पहिला नियम. "नवी मंडळी" हा शब्दही आता कोणी वापरत नाही, तो अपमानकारक ठरला आहे. "वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून आलेले बंधुभगिनी" असं म्हणतात. शब्द दर वीस वर्षांनी जास्त सुंदर होतो. नाल्याकडे जाणारी पायवाट तीच आहे. बाबा गेले तेव्हा त्यांना झाडांच्या मागे माती दिली, आजोबांच्या पलीकडे. त्यांच्यानंतर आणखी नऊ जण तिथे गेले. अजून जागा आहे.

गेल्या उन्हाळ्यात मी योहानकाकांना भेटायला गेले. ते केव्हाच झरीकडे पोडावर परत गेले होते. त्यांची बायको तिथेच वारली. एसटीतून उतरून तासभर चालावं लागलं. ऐंशीच्या आसपास असतील, डोळ्यांत मोतीबिंदू, पण मला आवाजावरून ओळखलं. "मास्तरची बेबी!" त्यांच्या भावाच्या नातसुनेने काळा चहा दिला. मी जे सांगायला गेले होते ते वाटेत अनेकदा मनात म्हणून पाहिलं होतं, तरी ते तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आलं. जागा होती. पंच आमच्याच घरी बसले होते. बाबा खोटं बोलले.

योहानकाका म्हणाले, "मले माहीत होतं ना, बाई. त्या दिवशी सकाळी तुमच्याकडं येण्याआधी मी वरतं जाऊन आलतो. निंबाखाली उभा राहून पाहून आलतो."

"मग तुम्ही मान्य काहून केलं, काका? भांडले का नाही?"

"दानिएल बोलला असता तं भांडलो असतो. त्याचं काय, तो गोडच बोलत होता. पाळक बोलला असता तरी भांडलो असतो." त्यांनी चहाचा कप चाचपून खाली ठेवला. "मास्तर बोलला. मास्तरच असं बोलला तं मंग म्हटलं, आता कोणालेच काही इचारून उपयोग नाही. देवालेही नाही."

नातसून कोंबड्यांना हुसकत होती. योहानकाकांनी तोंड माझ्या दिशेने वळवलं, तसल्या डोळ्यांनी, आणि सहज विचारावं तसं विचारलं, "तू होती ना त्याच्या बाजूले उभी. तुले तं माहीत होतं. तू काहून नाही बोलली?"

"मी लहान होते, काका," मी म्हणाले.

मी सोळा वर्षांची होते. रूथएवढी.

योहानकाकांनी मान हलवली. त्यांनी हात पुढे करून माझा गुडघा शोधला आणि त्यावर दोनदा थोपटलं. "हो ना, बाई," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "लहानच होती तू."